आपले माप आणि शेजारणीचे माप

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



 विषय कोणता घ्यावा हे चिटणीसबाईंनी माझ्यावरच सोपवले होते. "घरात उपयोगी पडेल असे काहीतरी सांगा," एवढीच त्यांची सूचना होती. ती मला मोलाची वाटली. म्हणून स्वयंपाकघरापासून प्रार्थनामंदिरापर्यंत आपली पाठ न सोडणारा विषय मी निवडला आहे. तो म्हणजे स्वतःची दुसऱ्याशी तुलना करण्याची सवय, आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने तीतून सुटण्याचा मार्ग.

आज या सभेत बसलेल्या सगळ्याच भगिनी ख्रिस्ती नाहीत, याची मला जाणीव आहे व त्याचा आनंदही आहे. मी जे सांगणार ते माझ्या श्रद्धेच्या भाषेत सांगणार, कारण मला तीच भाषा नीट येते. परंतु दुखणे सर्वांचे एकच आहे. शेजारणीने एखादे औषध सांगितले तर आपण ते निदान ऐकून घेतो. तसेच माझे बोलणे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. सगळीच तुलना वाईट असे माझे म्हणणे नाही. भाजी घेताना आपण दोन गाड्यांवरचा भाव विचारतोच. एखादीची पुरणपोळी मऊ होते, तेव्हा ती कणीक कशी तिंबते हे पाहून घेण्यात शहाणपणच आहे. अशा तुलनेने वस्तूची पारख होते, नवे काही शिकता येते. बिघडते ते पुढे. तिची पोळी मऊ झाली, म्हणजे ती सुगरण आणि मी काहीच नाही, असे मन म्हणू लागते, तेव्हा पोळीचा प्रश्न संपलेला असतो. आता आपण स्वतःलाच तराजूत घातलेले असते.

आणि घालण्यासारखे काय थोडे आहे? सिडकोत कोणाचे रो-हाऊस, कोणाचे दोन खोल्यांचे घर. कोणाचा नवरा वाळूजच्या कारखान्यात कायम झाला, कोणाचा अजून कंत्राटावर. कोणाच्या मुलाला बारावीला किती टक्के पडले. नाताळाच्या उपासनेला कोण कोणती साडी नेसून आली. हे कमी होते म्हणून की काय, आता हातातल्या मोबाइलवर सकाळी उठल्याबरोबर शंभर घरांची दारे उघडतात. पूर्वी शेजारणीच्या घरात डोकवायचे म्हणजे निदान वाटीभर साखर मागायला जावे लागे! आणि तिथे गेले की तिची उष्टी भांडी, तिचे आजारी सासरे, तिची तोंडावरची चिंता हेही दिसत असे. मोबाइलवर फक्त वाढदिवसाचा केक दिसतो. म्हणजे तुलना वाढली आणि ओळख मात्र कमी झाली.

भगिनींनो, तुलनेने काय होते हे समजायला आपल्याला लांब जाण्याचे कारण नाही. आपले छत्रपती संभाजीनगर या बाबतीत पुष्कळ सोसलेले शहर आहे. आपला बीबी का मकबरा घ्या. औरंगजेब बादशहाची बेगम दिलरास बानू १६५७ साली वारली. तिच्या स्मरणार्थ पुढील काही वर्षांत ही वास्तू उभी राहिली. तिचा कारागीर अताउल्ला हा ताजमहालाचा स्थपती उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. बांधकामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये झाला अशी जुनी नोंद आहे. ताजच्या खर्चाशी त्याची गाठच नाही. संगमरवर घुमटाला आणि खालच्या थोड्या भागालाच वापरला, बाकी काम दगडाचे आणि त्यावर चुन्याचा सुरेख गिलावा. आता जो पाहुणा येतो तो काय म्हणतो? "हा गरिबाचा ताज!" बिचाऱ्या मकबऱ्याला स्वतःच्या नावाने कोणी हाकच मारीत नाही. पण एखाद्या पावसाळी सकाळी, मागच्या डोंगरावर हिरवळ असताना आणि फाटकातून लांब हौदाकडे पाहताना, आग्रा मनातून काढून त्याच्यापुढे उभे राहा. तो ताजपेक्षा कमी आहे की जास्त, हा प्रश्नच तेव्हा सुचत नाही. तो त्याच्या जागी आहे आणि सुंदर आहे.

दुसरे उदाहरण हिमरूचे. सोन्याचांदीच्या तारांचे किनखाब राजेरजवाड्यांना परवडे. त्याच धर्तीवर सूत आणि रेशीम यांचे जे कापड आपल्या शहरात विणले जाऊ लागले, ते हिमरू. 'सारखे दिसणारे' अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून हे नाव आले असे सांगतात. म्हणजे नावातच तुलना! तरीसुद्धा विणकरांनी ते इतके जीव लावून विणले, की आज हिमरूची शाल हिमरू म्हणूनच मागितली जाते. तिच्यात सोन्याची तार नाही म्हणून कोणी परत करीत नाही. ज्या हातांनी ते विणले त्यांनी किनखाबाकडे पाहत सुस्कारे टाकले असते, तर हे कापड इतके दिवस टिकले असते का?

आता या सवयीवर वडीलधारी माणसे एक उपाय सांगतात. तो आपण सर्वजणींनी ऐकलेला आहे. "वर पाहून चालू नये, खाली पाहून चालावे. आपल्यापेक्षा ज्यांचे वाईट आहे त्यांच्याकडे पाहा, म्हणजे समाधान वाटेल." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु मला हा उपाय कधी पटला नाही. शेजारीण माझ्यापेक्षा गरीब आहे म्हणून मी समाधानी असेन, तर उद्या तिचे बरे चालले की माझे समाधान गेले! म्हणजे माझे सुख तिच्या दुःखावर उभे राहिले. तराजू तोच राहिला, फक्त पारडे बदलले.

प्रभू येशूने परूशी आणि जकातदार यांचा दृष्टांत सांगितला तो नेमका यावरच आहे. परूशी मंदिरात जाऊन देवाचे आभार मानतो, पण कशाबद्दल? आपण इतरांसारखे, त्या पलीकडे उभ्या असलेल्या जकातदारासारखे नाही, याबद्दल. प्रार्थनेला उभा राहिला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याकडे पाहत राहिला. जकातदार मात्र कोणाकडेच पाहत नव्हता. तो आणि त्याचा देव, एवढेच. आणि प्रभू म्हणतो की घरी जाताना देवाच्या दृष्टीने नीट ठरला तो जकातदार.

खाली पाहण्याची ही सवय आपल्या देशात किती खोल गेली आहे, ते मी सांगायला नको. जात म्हणजे दुसरे काय? जन्मल्याबरोबर माणसाला तराजूत घालायचे, आणि ते वजन मरेपर्यंत बदलू द्यायचे नाही. या बाबतीत मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. त्यांचा जन्म १८६८ सालचा. 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकींनी वाचली असतील. नसतील त्यांनी मंडळाच्या कपाटातून अवश्य न्यावीत. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक, की घरात आणलेले मीठसाखरसुद्धा धुऊन घ्यायचे! अशा घरात वाढलेल्या या बाईचा नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाला. तिच्यावर आभाळच कोसळले. काही वर्षे ती नवऱ्यापासून वेगळी राहिली. पुढे नवऱ्याजवळ आली तीसुद्धा आपले सोवळे सांभाळूनच. आणि मग एके दिवशी तिने स्वतःच विचार केला, की देवाने माणूस निर्माण केला, त्याने जाती केल्या असतील का? नसतील, असे तिच्या मनाला पटले. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे तिने ठरवले. हे तिच्या बाप्तिस्म्याच्या आधीचे. बाप्तिस्मा झाला १९०० साली.

मला यात मोठी गोष्ट दिसते ती अशी. लक्ष्मीबाईंनी कोणाला आपल्याबरोबरीचे 'करून घेतले' नाही. त्यांनी तराजूच खाली ठेवला. आणि भगिनींनो, आपल्याला हे आवर्जून सांगावे लागते, कारण ख्रिस्ती नाव घेतल्याने तो तराजू आपोआप गळून पडतो असे नाही. सोयरीक जुळवताना आपल्याही घरांत हलक्या आवाजात विचारले जातेच ना, की ती मंडळी 'मुळातली' कोण? प्रभुभोजनाचा प्याला एकाच हातातून घ्यायचा, आणि घरी येऊन अशी चौकशी करायची! तिथे आपण त्या परूशाच्या शेजारी जाऊन उभे राहतो. माझ्या मते आपल्या मंडळाच्या पुढच्या वर्षांचे खरे काम इथेच आहे.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आणखीही एक सांगण्यासारखे आहे. नवरा नावाजलेला कवी, संस्कृत जाणणारा, आणि बायकोला शाळेचे शिक्षण नाही. घरात सतत मोठमोठ्या माणसांचा राबता. दुसरी एखादी असती तर नवऱ्याच्या सावलीत गप्प बसून राहिली असती. लक्ष्मीबाई बसल्या नाहीत. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे काव्य हाती घेतले होते, पण १९१९ साली ते वारले तेव्हा त्याचे सुमारे दहा अध्यायच झाले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, आणि थोडेथोडके नव्हे, तर ६४ अध्याय लिहून. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्यांचे नाव घेतात. त्यांत टिळकांसारखी भाषा लिहिण्याचा प्रयत्न कुठेही नाही. घरात बोलावे तशी भाषा, आणि स्वतःच्या फजितीला मनापासून हसणे. आपल्याजवळ आहे ते त्यांनी दिले, म्हणून ते आज आपल्याला वाचायला मिळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. वर पाहू नये, खालीही पाहू नये, तर पाहावे कोठे? पवित्र शास्त्रातल्या काही प्रसंगांतून मला जे उत्तर मिळाले ते सांगते.

पहिला प्रसंग लेआचा. याकोबाच्या दोन बायका, सख्ख्या बहिणी. राहेल देखणी आणि आवडती, लेआ नावडती. लेआला पहिला मुलगा झाला तेव्हा तिला वाटले, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील. दुसरा झाला, तिसरा झाला. प्रत्येक मुलाच्या नावात तिने तीच आशा गुंफली. पोटच्या पोरांची नावेसुद्धा बहिणीशी चाललेल्या चढाओढीची झाली! आणि चौथ्या वेळी मात्र तिने नवऱ्याचे किंवा बहिणीचे नाव काढले नाही. आता मी परमेश्वराची स्तुती करीन, असे म्हणून तिने मुलाचे नाव यहूदा ठेवले. त्याच यहूदाच्या वंशात पुढे दावीद राजा झाला आणि प्रभू येशू जन्मला. पण शास्त्र मोठे प्रामाणिक आहे. ते पुढचेही लपवीत नाही. थोड्याच दिवसांत दोघी बहिणींची चढाओढ पुन्हा सुरू झाली, असे पुढच्याच अध्यायात आहे. म्हणजे ही सवय एकदा प्रार्थना केली आणि गेली, अशी नाही. ती पुन्हा येते. केर रोज काढावा लागतो, तसेच हे.

दुसरा प्रसंग मार्था आणि मरीया यांचा. घरी पाहुणे आल्यावर स्वयंपाकघरात कोण आणि बैठकीत कोण, हा वाद आपल्याला नवा नाही. या गोष्टीवरून पुष्कळ वेळा असे सांगितले जाते, की मार्थाने काम केले ते चुकले आणि मरीया बसून राहिली ते बरोबर. मला तसे वाटत नाही. प्रभूने भाकरी भाजण्याला कोठेही नावे ठेवलेली नाहीत. त्यालाही जेवायचे होतेच! मार्थाचे बिघडले ते हात चुलीपाशी आणि डोळे बहिणीवर असे झाले तेव्हा. 'मी एकटी करते आणि ती बसली आहे' हे मनात आले, की केलेल्या कामाची गोडी गेली. आपल्या सासुरवाशिणींना, जावाजावांना हा अनुभव आहे. दहा भाकऱ्या थापून हात दुखत नाहीत तेवढे दुसरीने चारच थापल्या या विचाराने दुखतात.

तिसरा प्रसंग द्राक्षमळ्याचा. आपल्या शहरात सकाळी नाक्यानाक्यावर मजूर उभे असतात, तसेच ते दृश्य. मालकाने पहाटे काही मजूर घेतले, दिवसाची मजुरी ठरवली. मग दुपारी घेतले, आणि मावळतीला तासभर उरला तेव्हाही घेतले. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी दिली. पहाटेचे मजूर कुरकुरले. खरे पाहता त्यांना ठरल्यापेक्षा दमडीही कमी मिळाली नव्हती. शेवटच्यांना काय मिळाले हे पाहीपर्यंत ते खूशच होते. आता नाक्यावरच्या त्या शेवटच्या माणसाचा विचार करा. दिवसभर तो बसून मजेत होता काय? जो म्हातारा असतो, अशक्त असतो, ज्याला कोणी घेत नाही, तोच संध्याकाळपर्यंत उभा राहतो, आणि घरी चूल पेटेल की नाही हा घोर त्याला दिवसभर असतो. मालकाला त्याच्या घरची चूल दिसली. देवाचा हिशेब असा आहे. तो प्रत्येकाची गरज पाहून देतो. ज्याला आपण कृपा म्हणतो ती हीच. आणि कृपेचा वाटा दुसऱ्याला मिळाला म्हणून आपला कमी होत नाही.

चौथा प्रसंग मला सर्वांत जवळचा वाटतो. प्रभूच्या पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी न्याहारी झाल्यावर प्रभूने पेत्राला त्याचे काम सांगितले, आणि त्याचे मरण कसे येईल तेही सुचवले. केवढी गंभीर वेळ! आणि पेत्र काय करतो? मागे वळून पाहतो. मागून योहान येत असतो. पेत्र विचारतो, की मग ह्याचे काय होणार? प्रभूने त्याला उत्तर दिले त्याचा भावार्थ असा, की ह्याचे काय करायचे ते मी बघेन, त्याच्याशी तुला काय करायचे आहे? तू माझ्या मागे ये.

भगिनींनो, वर की खाली या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळते. पुढे पाहावे. प्रभू पुढे चालला आहे, आणि त्याने मला माझ्या नावाने हाक मारली आहे. ज्याला नावाने हाक मारली जाते त्याला रांगेतला नंबर विचारावा लागत नाही. माझे मोल माझ्या कामावर नाही, दिसण्यावर नाही, मुलांच्या टक्क्यांवर नाही. ते आधीच ठरलेले आहे, आणि ते ठरवणाऱ्याने माझ्यासाठी वधस्तंभ सोसला. एकदा हे मनात बसले, की शेजारणीचे बरे चालले तर ते बरे आहे एवढेच वाटते. पौलाने मंडळीला शरीराची उपमा दिली आहे. डोळा हात नाही म्हणून हिणकस नाही आणि हाताला डोळ्याची जागा नको. हाताची पाची बोटे सारखी नसतात, ही आपली म्हण तेच सांगते. सारखी असती तर घास तरी नीट उचलता आला असता का?

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हेच प्रत्यक्ष करून दाखवले. दुष्काळात उपाशी, टाकलेल्या, आंधळ्या अशा किती बायका-मुली त्यांनी तेथे आणल्या. कोणी विणायला बसली, कोणी शेतावर गेली, कोणी छापखान्यात खिळे जुळवू लागली. अंध मुलींनाही बोटांनी वाचायला आणि हाताने काम करायला शिकवले. रमाबाई स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे भाषांतर करीत होत्या, आणि त्याची छपाई करणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या. भाषांतर रमाबाईंसारखी एखादीच करू शकते. पण खिळे जुळवणारीचा हात नसता तर ते ग्रंथरूपाने कोणाला दिसले असते? १९२२ साली रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

आता हे सगळे घरात कसे आणायचे? मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले आहे, म्हणून एका घरची गोष्ट सांगते. एका बाईची मुलगी दहावीला ७८ टक्के मिळवून पास झाली. शेजारच्या मुलीला ९२ मिळाले. आईने मुलीला मारले नाही, रागेही भरली नाही. फक्त पेढे वाटले नाहीत. कोणी विचारले तर शेजारच्या मुलीचे गुण आधी सांगे आणि मग आपल्या मुलीचे. मुलगी चित्रे फार सुंदर काढी. नाताळाच्या नाटिकेचे पडदे तीच रंगवी. त्या वर्षापासून तिने ब्रश हातात धरणे सोडले, आणि आईशी बोलणेही कामापुरतेच राहिले. आई माझ्याकडे येऊन रडली. "मी तिला काही म्हटलेसुद्धा नाही हो बाई," असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आणि ते खरे होते. तुलना बोलून दाखवावी लागत नाही, मुलांना ती कळते.

मी तिला एक छोटी गोष्ट करायला सांगितली. रोज रात्रीच्या प्रार्थनेत मुलीबद्दल देवाचे एक आभार मानायचे, मात्र त्यात दुसऱ्या कोणत्याही मुलीचे नाव येता कामा नये. 'अमकीसारखी नाही तरी' असेही नाही. तिने पुढे सांगितले, की पहिले आठ दिवस तिला काही सुचेचना. मुलीकडे तिने कितीतरी वर्षांत नुसते असे पाहिलेच नव्हते. मग हळूहळू सुचू लागले. मुलगी आजीच्या पायांना तेल लावते. भांडण झाले तर पहिल्यांदा तीच बोलते. एके रात्री मुलगी दाराआड उभी राहून ही प्रार्थना ऐकत होती. लगेच सारे गोड झाले, असे मी सांगणार नाही. दोन वर्षे तुटलेले मन दोन दिवसांत जुळत नाही. पण पुढच्या नाताळाला पडदा रंगवायला ती आली. आज ती एका शाळेत चित्रकला शिकवते.

या अनुभवावरून आपल्या सर्वांसाठी तीन-चार सूचना करते.

एक. आभार मानताना 'पेक्षा' हा शब्द गाळावा. देवाने मला दिले, एवढेच म्हणावे.

दोन. जिचा हेवा वाटतो तिच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि शक्य तर तिच्या घरी जावे. मोबाइलवर नव्हे, पायांनी. तिचीही काही ओझी असतात. जिच्या ओझ्याला आपण हात लावतो तिचा हेवा करणे अवघड जाते.

तीन. आपल्या स्तुतीलाही लगाम असावा. दावीद लढाईहून परतला तेव्हा बायकांनी डफ वाजवून गाणे म्हटले आणि त्यात शौलापेक्षा दावीदाचा पराक्रम दहापट मोठा ठरवला. त्या दिवसापासून शौलाची नजर फिरली. गाणाऱ्या बायकांच्या मनात काही वाईट नव्हते. पण एकीला चढवताना दुसरीला उतरवले, की घरे मोडतात. थोरल्या सुनेच्या देखत धाकटीचे कौतुक करताना एवढे लक्षात ठेवावे.

चार. लग्नकार्यात अंथरूण पाहून पाय पसरावेत. जावेच्या घरी मांडव केवढा होता हे पाहून कर्ज काढू नये. व्याज भरायला जाऊ येत नाही. या बाबतीत मंडळाने पुढाकार घेऊन साधी लग्ने मानाची ठरवली, तर कितीतरी बापांची झोप वाचेल.

आता शेवटी आपल्या मंडळाविषयी. दुसऱ्या वस्तीतल्या मंडळाची इमारत मोठी आहे, त्यांची सहल लांब जाते, हे मी आज इथे चहा घेताना ऐकले. जाऊ द्या! मंदिरात श्रीमंतांनी पेटीत पुष्कळ टाकले, आणि एका विधवेने दोन टोल्या टाकल्या. प्रभूने तिच्या नाण्यांची किंमत मोजली नाही. तिच्याजवळ काय होते आणि तिने काय दिले, एवढेच पाहिले. आपल्या मंडळाकडेही तो तसाच पाहतो. या वर्षी कोणत्या आजारी बाईला आपण डबा पोचवला, कोणत्या मुलीची फी भरली, नवी आलेली कोणती शेजारीण आपल्यामुळे एकटी राहिली नाही, हे त्याच्या वहीत लिहिलेले आहे.

आपण सर्वजणींनी आपापल्या ताटातले गोड मानून घ्यावे, दुसरीच्या ताटात कमी पडले तर वाढावे, आणि तिला जास्त वाढलेले दिसले तर आनंदाने हसावे. एवढे बळ प्रभू आपल्याला देवो, अशी प्रार्थना करून मी माझे भाषण संपवते.